एकच जंगल, एकच वर्ष, सहा टक्केवाऱ्या

२०१९ साली ब्राझीलमधली जंगलतोड आदल्या वर्षापेक्षा किती वाढली? उत्तरं सहा आहेत. २७८ टक्के, ८८ टक्के, जवळपास ५० टक्के, ३४ टक्के, साडेएकोणतीस टक्के आणि सुमारे एक टक्का. सगळी उपग्रहांच्या प्रतिमांवरून काढलेली, सगळी जाणत्या माणसांनी काढलेली, आणि माझ्या मते यातलं एकही उत्तर खोटं नाही.

जमीनवापरातला बदल मोजण्याच्या पद्धती शिकवताना एक ठरलेला तक्ता दिला जातो. पद्धत, फायदे, तोटे. तो परीक्षेपुरता पाठ होतो. प्रत्यक्ष दोन आकडे टेबलावर आले आणि ते जुळेनात की त्या तक्त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून इथे तक्ता बाजूला ठेवून हे एकच प्रकरण उलगडायचं आहे. एवढे वेगवेगळे आकडे आले कुठून, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा लागू पडतो?

घडलं ते असं

इन्पे ही ब्राझीलची राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था. ॲमेझॉनवर नजर ठेवण्यासाठी तिच्याकडे दोन यंत्रणा आहेत. प्रोडेस ही १९८८ पासून वर्षातून एकदा पूर्ण हिशेब मांडते. डेटर ही २००४ पासून सुरू झालेली इशारा देणारी यंत्रणा. तोड चालू असतानाच तपासणी पथकाला तिथे पोचता यावं, एवढ्यासाठीच ती उभी केली आहे.

जून २०१९ मध्ये डेटरच्या इशाऱ्यांची बेरीज सुमारे ९२० चौरस किलोमीटर झाली. जून २०१८ मध्ये ती ४८८ होती. झाली ८८ टक्के वाढ. १९ जुलैला राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी परदेशी पत्रकारांसमोर हे आकडे खोटे असल्याचं म्हटलं. इन्पेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांनी जाहीरपणे उलट उत्तर दिलं आणि २ ऑगस्टला त्यांचं पद गेलं. त्याच सुमारास जुलैचा आकडा आला. आदल्या जुलैच्या ५९७ चौरस किलोमीटरच्या जागी २,२५५. म्हणजे २७८ टक्के.

राजकारण बाजूला ठेवलं तरी सरकारच्या बाजूने एक तांत्रिक आक्षेप मांडला गेला होता: जूनच्या आकड्यात आधीच्या महिन्यांत झालेली तोडही धरली गेली आहे. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. डेटरच्या इशाऱ्यावर जी तारीख असते ती झाड पडल्याची नसते, पडलेलं दिसल्याची असते. पावसाळ्यात ॲमेझॉनवर महिनोन्‌महिने ढग असतात. मे-जूनपासून आभाळ मोकळं होऊ लागतं आणि ढगांखाली साचलेली थकबाकी एकदम दिसू लागते. शिवाय एखाद्या वर्षी जून जास्त ढगाळ असला तर त्याची बेरीज कमी येते आणि पुढचा महिना फुगतो. म्हणून एका महिन्याची आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून टक्केवारी काढणं हा या माहितीचा सर्वांत वाईट वापर. वर्तमानपत्रांनी नेमका तोच केला, आणि टीकाकारांनीही त्याच टक्केवारीवर हल्ला चढवला.

पण आक्षेप खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. जुनी तोड उशिरा मोजली गेली तर महिना फुगतो, वर्ष फुगत नाही. ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ या बारा महिन्यांची डेटरची बेरीज ६,८०० चौरस किलोमीटरच्या आसपास होती, त्याआधीच्या बारा महिन्यांची ४,५७० च्या आसपास. वाढ जवळपास ५० टक्के. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रोडेसचा प्राथमिक अंदाज आला: ९,७६२ चौरस किलोमीटर. आदल्या वर्षीच्या ७,५३६ वर साडेएकोणतीस टक्के. पुढच्या वर्षी सगळ्या प्रतिमा तपासून पक्का झालेला आकडा १०,१२९ होता, म्हणजे ३४ टक्के. डेटर आकडा फुगवते आहे असं ज्यांचं म्हणणं होतं, त्यांच्या समोर डेटरपेक्षा जवळपास दीडपट मोठा वार्षिक आकडा येऊन उभा राहिला.

सहावं उत्तर जगभरच्या जंगलांवर नजर ठेवणाऱ्या ग्लोबल फॉरेस्ट वॉच या उपक्रमाचं, मेरीलँड विद्यापीठाच्या माहितीवर आधारलेलं. त्यांनी त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार ब्राझीलने २०१९ मध्ये सुमारे १३.६ लाख हेक्टर, म्हणजे १३,६०० चौरस किलोमीटर प्राथमिक (मूळचं, आधी न तोडलेलं) जंगल गमावलं. आणि २०१८ मध्ये? सुमारे १३.५ लाख हेक्टर. वाढ एक टक्का.

गंमत बघा. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याचीच वाढ सर्वांत कमी.

एक चौरस मिलिमीटर

प्रोडेसचा एक नियम आहे: ६.२५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा मोजायचा नाही. सहा नाही, दहा नाही, सव्वासहा. हा आकडा कुठून आला हे कळलं की पद्धतीचा सगळा स्वभाव कळतो. सुरुवातीच्या वर्षांत लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा १:२,५०,००० या प्रमाणावर कागदावर छापल्या जात आणि माणसं त्यावर पारदर्शक कागद ठेवून तोडीच्या कडा हाताने गिरवत. हाताने गिरवता येईल असा सर्वांत लहान तुकडा म्हणजे एक चौरस मिलिमीटर. त्या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. २५० गुणिले २५० म्हणजे ६२,५०० चौरस मीटर, म्हणजे ६.२५ हेक्टर. पेन्सिलीच्या टोकाने ठरवलेली मर्यादा.

नंतर काम संगणकावर गेलं. आता लँडसॅटच्या प्रतिमेतले ३० मीटर बाजूचे पिक्सेल (प्रतिमेतले सर्वांत लहान चौकोन) तेवढ्या जागेत जवळपास ६९ बसतात, म्हणजे याहून कितीतरी लहान तुकडे सहज गिरवता आले असते. तरी वार्षिक दरासाठी मर्यादा तीच ठेवली. पहिल्यांदा वाचताना मला हा हट्ट वाटला होता. आता वाटतं, त्या एका हट्टामुळेच १९९५ चे २९,०५९, २००४ चे २७,७७२ आणि २०१२ चे ४,५७१ चौरस किलोमीटर हे आकडे एका ओळीत लिहिता येतात. मध्येच मर्यादा एक हेक्टरवर आणली असती तर त्या वर्षी तोड ‘वाढली’ असती, आणि ती जंगलात वाढली की नियमात, हे सांगायला पुन्हा सगळी जुनी वर्षं गिरवावी लागली असती.

प्रोडेसच्या आणखी दोन अटी आहेत. एक, फक्त प्राथमिक जंगलाची सरसकट तोड मोजायची. निवडक झाडं काढून विरळ केलेलं जंगल यात धरत नाहीत. दोन, एकदा तुटलेली जागा कायमची झाकून टाकायची. तिच्याकडे पुन्हा बघायचं नाही. तिथे कुरण झालं, पडीक राहिली, झाडी पुन्हा वाढली, ती पुन्हा तोडली, यातलं काहीही प्रोडेसला दिसत नाही. त्यामुळे जमीनवापराचा प्रश्न विचाराल तर प्रोडेस गप्प. त्यासाठी इन्पेने ब्राझीलच्या कृषी संशोधन संस्थेबरोबर टेराक्लास हा वेगळा उपक्रम केला. २००८ सालच्या पाहणीत तोडलेल्या जमिनीपैकी साठ टक्क्यांहून जास्त कुरण निघालं आणि सुमारे एक पंचमांश जागेवर पुन्हा उगवलेली झाडी. म्हणजे ‘गेलेलं जंगल’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या जमिनी होत्या.

प्रोडेसचं वर्षही वेगळं. १ ऑगस्ट ते ३१ जुलै. कारण कोरड्या महिन्यांतच स्वच्छ प्रतिमा मिळतात, तेव्हा हिशेबाचं वर्षही तिथेच मोडणं सोयीचं.

डेटरची धाटणी निराळी. २००४ मध्ये ती मोडिस या संवेदकाच्या २५० मीटर पिक्सेलवर चालायची आणि २५ हेक्टरपेक्षा लहान काही टिपायची नाही. तोड करणाऱ्यांनी लहान तुकडे पाडले की ती त्या मर्यादेखालून सटकते, हे उघड आहे. २०१५ पासून ती भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरचा ५६ मीटरचा ॲविफ्स आणि चीन-ब्राझीलच्या सीबर्स-४ उपग्रहावरचा ६४ मीटरचा कॅमेरा वापरू लागली आणि मर्यादा तीन हेक्टरवर आली. (ॲविफ्सबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. रुंद पट्टा आणि दर काही दिवसांनी तीच जागा, ही त्याची खुबी इशाऱ्याच्या कामाला अगदी साजेशी.) पण ६४ मीटरच्या पिक्सेलने तीन हेक्टरचा तुकडा म्हणजे जेमतेम सात पिक्सेल. एवढ्याशा तुकड्याची कड कुठे आणि आत किती हे अंदाजपंचेच. इशारा म्हणून पुरेसं, क्षेत्रफळ म्हणून नाही. पथकाला जागा हवी असते, हेक्टर नको असतात.

चार तुकडे

हे सगळं हवेत राहू नये म्हणून चार काल्पनिक तुकडे घेऊ आणि प्रत्येक यंत्रणेसमोर ठेवू.

पहिला, वीस हेक्टरचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये, पाऊस लागल्यावर, प्राथमिक जंगलात तोड झाली. ढगांमुळे डेटरला तो थेट जून २०१९ मध्ये दिसला. प्रोडेसने जुलैच्या प्रतिमेवर गिरवला. हिशेब २०१९ चा, आणि तो बरोबर, कारण त्यांचं वर्ष ऑगस्टला सुरू झालं. ग्लोबल फॉरेस्ट वॉच कॅलेंडर वर्ष धरतं, म्हणून तिथे तो खरं तर २०१८ चा. पण डिसेंबरपर्यंत एकही स्वच्छ निरीक्षण मिळालं नसेल तर तोही २०१९ मध्ये जाऊ शकतो.

दुसरा तसाच, पण सप्टेंबर २०१९ मधला. ग्लोबल फॉरेस्ट वॉचसाठी २०१९, प्रोडेससाठी २०२०. म्हणजे हे दोन तुकडे एका यंत्रणेत दोन वेगळ्या वर्षांत आणि दुसरीतही दोन वेगळ्या वर्षांत, पण तीच वर्षं नव्हेत. दोन्हीकडच्या ‘२०१९’ या शब्दात फक्त जानेवारी ते जुलै एवढाच भाग सामाईक आहे. सात महिने.

तिसरा पाच हेक्टरचा. डेटर धरते, कारण तीनच्या वर आहे. प्रोडेसच्या दरात तो येत नाही. ग्लोबल फॉरेस्ट वॉचला किमान क्षेत्राची अट नाही, ३० मीटरचा एक पिक्सेलही मोजला जातो, म्हणून तिथे येतो. असे तुकडे किती आहेत यावर दोन्ही आकड्यांमधली दरी ठरते.

चौथा सर्वांत अवघड. जंगलातून आग सरकत गेली, खालचा झाडोरा जळला, वरची बरीच झाडं वाळली, पण कोणी जमीन साफ केली नाही. प्रोडेसच्या व्याख्येत ही सरसकट तोड नाही. डेटरकडे जळिताचा आणि ऱ्हासाचा वेगळा वर्ग आहे, तोडीच्या बेरजेत तो धरत नाहीत. ग्लोबल फॉरेस्ट वॉचसाठी मात्र पाच मीटरपेक्षा उंच झाडांचं छत्र गेलं म्हणजे गेलं, कारण कोणतंही असो. म्हणूनच २०१६ आणि २०१७ च्या मोठ्या आगींमध्ये त्यांचा ब्राझीलचा आकडा उसळला, प्रोडेसचा तसा उसळला नाही.

आता एक टक्का आणि ३४ टक्के यांच्यात भांडण उरतं का? दोघांनी वेगळे बारा महिने, वेगळा भूभाग (एक ब्राझीलच्या ॲमेझॉनपुरता, दुसरा सगळ्या ब्राझीलचा), वेगळं किमान क्षेत्र आणि वेगळी ‘गेलं’ची व्याख्या धरली. प्रोडेसने विचारलं, जमीन साफ करणाऱ्यांनी किती नवं जंगल उडवलं? ग्लोबल फॉरेस्ट वॉचने विचारलं, झाडांचं छत्र किती कमी झालं? हे दोन प्रश्न आहेत.

वजाबाकीचा मोह

इथे कोणीतरी म्हणेलच की एवढा खटाटोप कशाला, २०१८ चा आच्छादनाचा (कुठे जंगल, कुठे कुरण हे दाखवणारा) नकाशा घ्या, २०१९ चा घ्या, आणि वजा करा. आज दहा मीटरचे तयार नकाशे फुकट मिळतात, त्यामुळे हा मोह फार वाढला आहे. मीही सुरुवातीला हेच केलं होतं, आणि नदीच्या दोन्ही काठांना एकाच वर्षात जंगल कमी झालेलं आणि वाढलेलं बघून स्वतःवरच खूश झालो होतो. ती नदी नव्हती हलली, प्रतिमा अर्ध्या पिक्सेलने सरकली होती.

हिशेब करून बघा. २५० मीटर बाजूचा चौकोनी तुकडा, बदल शून्य. दुसऱ्या वर्षीची प्रतिमा १५ मीटर पूर्वेला बसली. एका बाजूला १५ गुणिले २५० मीटरची खोटी घट, दुसऱ्या बाजूला तेवढीच खोटी वाढ. दोन्ही मिळून ०.७५ हेक्टर, म्हणजे तुकड्याच्या १२ टक्के. तुकडे जेवढे लहान आणि कडा जेवढ्या वाकड्या, तेवढं हे प्रमाण वाढत जातं.

वर्गीकरणाच्या चुका याहून घातक. दोन नकाशे प्रत्येकी ९९ टक्के अचूक आहेत असं धरू. एवढी अचूकता व्यवहारात मिळत नाही, पण धरू. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही वर्षी बरोबर असलेली जागा ९८ टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांत कुठे ना कुठे चूक. ब्राझीलची कायदेशीर व्याख्येतली ॲमेझॉन सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर. दोन टक्के म्हणजे एक लाख. आणि २०१९ चा खरा बदल दहा हजाराच्या घरात. शोधायची सुई एक, आणि गवताची गंजी दहापट मोठी.

याच गणिताची दुसरी बाजू तर हसू आणणारी आहे. दहा हजार भागिले ५० लाख म्हणजे ०.२ टक्के. आता मी एक नकाशा देतो ज्यात सगळीकडे ‘बदल नाही’ असंच लिहिलंय. त्याची एकूण अचूकता ९९.८ टक्के! म्हणून बदलाच्या नकाशाची एकूण अचूकता कोणी अभिमानाने सांगू लागलं की मी पुढचं ऐकणं थांबवतो. बदल म्हणून दाखवलेल्यांपैकी खरे किती, आणि खऱ्यांपैकी सुटले किती, हे दोन आकडे द्या, मग बोलू.

तयार नकाशांच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा दहा मीटरचा जागतिक नकाशा २०२० चा आला, मग २०२१ चा आला. मधल्या काळात वर्गीकरणाची रीत सुधारली होती. त्यामुळे दोन नकाशांतल्या फरकात जमिनीतला बदल आणि रीतीतला बदल दोन्ही मिसळलेत, हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे. तरी लोक वजा करतातच.

मॅपबायोमास हा ब्राझीलमधला उपक्रम वजाबाकीच्याच घरातला, पण शहाणपणाने केलेला. १९८५ पासूनच्या प्रत्येक वर्षाचा लँडसॅटवरून नकाशा, आणि मग काळाची चाळणी. एखादा पिक्सेल २०१० ला जंगल, २०११ ला कुरण आणि २०१२ ला पुन्हा जंगल असेल तर मधलं वर्ष चुकलं असणार, कारण जंगल एका वर्षात उगवत नाही. अशा अशक्य उड्या गाळून टाकल्या की खोट्या बदलांचा मोठा भाग जातो. कमजोरी कुठे? शेवटच्या वर्षाला पुढचं वर्ष नसतं. ज्या वर्षाबद्दल सगळ्यांना सर्वांत जास्त उत्सुकता, त्याच वर्षावर चाळणी सर्वांत कमी चालते.

चाळणी आणखी पुढे नेली की काळमालिकेच्या पद्धती येतात. लँडट्रेंडर (२०१०) प्रत्येक पिक्सेलचा वर्षानुवर्षांचा आलेख घेऊन त्याचे सरळ रेषांचे तुकडे पाडते. रेषा जिथे कोसळते तिथे बदल. सीसीडीसी (२०१४) मिळेल ते प्रत्येक स्वच्छ निरीक्षण घेते, ऋतूंप्रमाणे वरखाली होणारी वक्ररेषा बसवते आणि सलग काही निरीक्षणं त्या रेषेपासून ढळली की नोंद करते. पानगळीला तोड समजण्याची चूक इथे बरीच टळते. या दोन्ही पद्धती शक्य झाल्या त्या २००८ मध्ये लँडसॅटचा जुना साठा फुकट खुला झाल्यामुळे. त्याआधी प्रत्येक प्रतिमेचे पैसे मोजावे लागत, मग मालिका कुठली लावणार. पण सलग निरीक्षणं हवीत ही अट ढगाळ प्रदेशात जड जाते. ऑक्टोबरमध्ये पडलेल्या झाडाची खात्री पुढच्या मे-जूनमध्ये होणार असेल तर ती पद्धत इतिहासासाठी उत्तम, चालू वर्षाच्या बातमीसाठी नाही.

नकाशावरचे पिक्सेल मोजू नका

इथवर सगळ्या पद्धती नकाशा काढतात आणि त्यावरची जागा मोजतात. क्षेत्रफळ काढण्याची याहून प्रामाणिक रीत वेगळी आहे: नकाशा फक्त थर (‘बदललेली जागा’, ‘स्थिर जागा’ असे गट) पाडायला वापरायचा, त्यातून यादृच्छिक नमुना बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू जाणत्या माणसाने जास्त स्पष्ट प्रतिमांवर तपासायचा, आणि क्षेत्रफळ त्या बिंदूंवरून काढायचं. सोबत चूक किती असू शकते तेही.

ऐकायला छान. पण करून बघा. समजा ५० लाख चौरस किलोमीटरच्या नकाशात बदल म्हणून दहा हजार दाखवलेत. त्या बदलाच्या थरात ५०० बिंदू घेतले, ४५० खरे निघाले. म्हणजे ९,०००. उरलेल्या ‘स्थिर’ थरात १,००० बिंदू, त्यातले ९९८ खरोखर स्थिर आणि फक्त दोन ठिकाणी नकाशाने बदल चुकवलेला. हजारात दोन, किती कमी! पण तो थर ४९.९ लाखांचा आहे. हजारात दोन म्हणजे जवळपास दहा हजार चौरस किलोमीटर. एकूण अंदाज १९,००० झाला. दोन बिंदूंनी आकडा दुपटीवर नेला. आणि ९५ टक्के खात्रीची कक्षा काढली तर ती अधिक-उणे १४,००० च्या आसपास येते. म्हणजे पाच हजार ते तेहतीस हजार यांत कुठेतरी. अशा अंदाजावरून ७,५३६ आणि १०,१२९ यांत फरक सांगणं अशक्य.

उपाय आहे. सुटलेले बदल बहुधा आधीच्या तोडीच्या कडांना, रस्त्यांच्या आणि नद्यांच्या लगत असतात. त्या पट्ट्याचा वेगळा थर करायचा आणि तिथे भरपूर बिंदू टाकायचे; दूरच्या घनदाट भागाचा थर वेगळा. मग एका चुकलेल्या बिंदूचं वजन लाखोंच्या थरावर पडत नाही. हे काम कंटाळवाणं असतं. बिंदू तपासताना दोन जाणकारांचं एकमत होत नाही असा हटकून अनुभव येतो, आणि जिथे ते भांडतात तिथेच व्याख्या ढिली आहे हे कळतं. माझ्या दृष्टीने अचूकतेच्या तक्त्यापेक्षा ही भांडणांची यादीच जास्त कामाची.

मग कोणता आकडा

पथक कुठे पाठवायचं हा प्रश्न असेल तर डेटर. त्याच्या हेक्टरांची बेरीज करून मथळा करायचा नाही, करायचीच तर बारा महिन्यांची आणि दिशा कळण्यापुरती. नवं जंगल साफ करण्याचा वेग तीस वर्षांत कसा बदलला, तर प्रोडेस, दुसरं काही नाही. तोडलेल्या जमिनीचं पुढे काय झालं, पुन्हा वाढलेली झाडी किती टिकली, तर मॅपबायोमास किंवा टेराक्लास. आगीसह सगळं छत्र किती गेलं आणि दुसऱ्या देशाशी तुलना करायची आहे, तर ग्लोबल फॉरेस्ट वॉच, पण त्यांच्याही रीतीत मधल्या वर्षांत सुधारणा झाल्या आहेत, म्हणून लांब पल्ल्याचा कल काढताना हात आखडता घ्यावा लागतो.

२०१९ च्या वादात मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. प्रोडेसचा नोव्हेंबरचा आकडा प्राथमिक असतो. आधी जिथे जास्त तोड झाली होती अशा निवडक भागांच्या प्रतिमा तपासून तो काढतात आणि बाकीच्या प्रतिमा नंतर पूर्ण करतात. ९,७६२ चा १०,१२९ झाला तो यामुळे, सुमारे पावणेचार टक्क्यांनी. हे दरवर्षी होतं, जाहीर केलेलं असतं, आणि तरी प्राथमिक आकड्यावरून काढलेली टक्केवारीच वर्षभर फिरत राहते. साडेएकोणतीस टक्के आजही लेखांमध्ये सापडतात. ३४ शोधावे लागतात.

आणि तोही शेवटचा शब्द म्हणता येत नाही. मॅपबायोमासची नवी आवृत्ती येते तेव्हा १९८५ पासूनचे सगळे नकाशे नव्याने काढले जातात, त्यामुळे त्यांच्या जुन्या आवृत्तीतलं २०१९ आणि नव्या आवृत्तीतलं २०१९ एकसारखं असेलच असं नाही. आकडा उद्धृत करताना मी वर्षाच्या शेजारी आवृत्तीचा क्रमांक लिहितो. संपादक तो बहुतेक वेळा काढून टाकतात.